नऊ थंड ठिपके

१९ फेब्रुवारी

ही वही नेकेसा मॅडमनी दिली. नैरोबीहून निघताना म्हणाल्या, "आकडे कार्यालयाच्या वहीत लिही, बाकीचं हिच्यात. गावी चालली आहेस, बाकीचं बरंच निघेल." मॅडम आमच्या अवकाश कार्यालयात भूकेंद्र विभागाच्या प्रमुख आहेत, आणि टोमणा मारल्याशिवाय कुणाला काही देत नाहीत.

मी कामासाठी चालले आहे. आफ्रिकेतल्या किती देशांचे उपग्रह आता वर फिरतात, पण त्यांनी टिपलेली चित्रं उतरवून घ्यायला आपल्याकडे अँटेनाच्या पुरेशा तबकड्या नाहीत. आपल्या दुष्काळाचं चित्र आधी परक्या देशात उतरतं, मग आपण ते मागून घ्यायचं. तोवर गुरं मेलेली असतात. म्हणून विषुववृत्ताजवळ, किनाऱ्यापासून थोडी आत, मोकळ्या क्षितिजाची जागा हवी आहे. यादीत पहिली आहे मुरिमानी टेकडी. आमच्या गावामागची!

प्रशिक्षणात माझ्याबरोबर असलेल्या आदिस अबाबाच्या हिरुतचा निरोप आला: "तुझ्या टेकडीवर तबकडी लागली, की माझ्या देशाची चित्रंसुद्धा तुझ्या अंगणात उतरतील. अंगण सारवून ठेव." मी बसमध्ये एकटीच हसत होते.

बाबांच्या लहानपणी समुद्रातल्या लोखंडी मचाणावरून परदेशी लोकांची रॉकेटं उडायची. आमची माणसं किनाऱ्यावर उभी राहून टाळ्या वाजवायची आणि मग पोती उचलायला जायची. यावेळी सर्वेक्षणाच्या कागदावर सही माझी असणार आहे. म्वारिंगा माडीवाल्याच्या मुलीची.

२१ फेब्रुवारी

घरी. आईने नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे केले होते, वर गरम, तळलेल्या मांदाझी. चार खाल्ल्या.

बाबा खंगलेत. वारा गरम भट्टीतून आल्यासारखा आहे आणि बाबा जाड कोट घालून माडाखाली बसतात. "थंडी वाजते गं, जुम्वा." मी लगेच मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. आई म्हणते, बरीच वर्षं असंच चाललंय, आता वाढलंय. मी तिला रागावले की मला कळवलं का नाही. ती भांडी घासत राहिली.

माडावर मात्र ते अजून चढतात. पहाटे माडी उतरवल्यावर बाकीचे माडीवाले पहिली धार पितरांसाठी जमिनीवर ओततात. बाबांनी ते कधीच सोडून दिलंय. आज मी त्यांचं कौतुक केलं. म्हटलं, "बाबा, शाळेत न जाता तुम्ही माझ्यापेक्षा आधुनिक आहात." ते भोपळा उचलून पुढच्या माडाकडे गेले. त्यांना स्तुती झेपत नाही.

२४ फेब्रुवारी

टेकडीवर दोन दिवस मोजमाप केलं. लहानपणी इकडे यायची बंदी होती. बाबा म्हणायचे, सापांचं रान आहे. एकही साप दिसला नाही. काटेरी झुडपं, लाल माती, आणि चारी बाजूंना आकाश. तबकडीला आणखी काय हवं?

सर्वेक्षणाची प्रश्नावली आज भरली. कलम चौदा: 'जागेवर कबरी, स्मारकं किंवा पूजेची ठिकाणं आहेत का?' बाहेरचा कुणी असता तर त्याने गावभर विचारलं असतं. मला विचारायची गरजच नव्हती. आमच्यात मोठ्या माणसाच्या नावाने कोरीव खांब उभा करतात, आणि हा खांब, किगांगो, एकदा रोवला की कधीही हलवत नाहीत. घर हलतं, अख्खं गाव हलतं, खांब तिथेच राहतो. तेव्हा खांब नसेल, तर तिथे कधी कुणी नव्हतंच. आमच्या घरचे खांब तर नदीपलीकडे, जुन्या वस्तीवर आहेत. बाबांनीच सांगितलंय. कधीतरी जाऊन पाहायचे आहेत.

कलम चौदा: 'नाही.' शेवटचं कलम, 'या जागेशी आपला काही हितसंबंध?' 'नाही.' सही केली.

केंद्र झालं तर उद्घाटनाला त्या बाईंना बोलवायचं मनात आहे. किनाऱ्यावरच्या मालिंदी शहरातल्या त्या परदेशी बाई, ज्यांनी चार वर्षं माझी वसतिगृहाची फी भरली. दर वेळी फी भरली गेली की मी 'प्रिय उपकारकर्तीस' म्हणून पत्र लिहायचे आणि बाबा नेऊन द्यायचे. उत्तर कधी आलं नाही. नाव विचारलं तर बाबा आजही म्हणाले, "आता कुठे असतील, कोण जाणे."

२८ फेब्रुवारी

आंब्याखाली गावसभा. सरकारने नेमलेले चीफसाहेब खुर्चीवर, बाकीचे चटयांवर. ते बदली होऊन आलेले, त्यांना फक्त रस्ता होणार का एवढंच ठाऊक करून घ्यायचं होतं. मी उपग्रह समजावून सांगितला. बऱ्यापैकी जमलं.

मग कोम्बे आजोबा उठले. खांब कोरणारे या भागात आता ते एकटेच उरलेत. डोळ्यांत पडदा, पाय अधू, पंधरा वर्षांत टेकडी चढलेले नाहीत.

"म्हणजे वरून सगळं दिसतं म्हणतेस?"

"हो, आजोबा."

"मग गेल्या वर्षी माझी शेळी कुणी नेली ते सांग. ठिपक्यांची होती."

सगळे हसले. मीही. मग ते म्हणाले, "बरं, शेळीचं राहू दे. टेकडीवर ते नऊ जण उभे आहेत, त्यांना विचारलंत का? आठ रांगेत, आणि तो भांडकुदळ जरा बाजूला. तबकडी त्यांच्या डोक्यावर ठेवणार की काय?"

हसणं थांबलं. मी नम्रपणे सांगितलं की टेकडीवर काहीही उभं नाही, मी वीत न् वीत फिरले आहे.

"पोरी, त्यातले चार मी कोरलेत. वाळवीचे दात पडतील असं लाकूड आहे ते. मी आंधळा आहे, वेडा नाही."

सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. मला वाईट वाटलं, म्हातारपणी माणसाचं असं व्हावं. बाबा सभेला आलेच नव्हते.

१ मार्च

आईला विचारलं, कोम्बे आजोबांना भ्रम कधीपासून होतो? आई म्हणाली, "त्यांना भ्रम होत नाही." आणि पाण्याला गेली. हंडा भरलेला होता.

४ मार्च

पायासाठी मातीची तपासणी. ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा लावून भर दुपारी टेकडीवरून फिरवला. जमीन पन्नास अंशांवर तापलेली. पडद्यावर सगळं पांढरंफटक दिसत होतं, आणि त्या पांढऱ्यात काळे ठिपके. थंड ठिपके. प्रत्येक वीतभर रुंद, आजूबाजूपेक्षा सात-आठ अंशांनी गार.

पुन्हा उडवला. पुन्हा तेच. आठ एका ओळीत, दोन-दोन पावलांवर. नववा जरा बाजूला.

शास्त्र सोपं आहे. जिथे माती कधी खोल उकरून पुन्हा भरली, तिथे ओल टिकते, आणि ओली माती उन्हात हळू तापते. कार्यालयाच्या वहीत मी 'स्थानिक आर्द्रता' असं लिहिलं. इथे लिहिते की ड्रोन उतरवल्यावर मी त्यातल्या एका जागी जाऊन तळवा टेकवला. पाय भाजत होते. हात भाजला नाही.

५ मार्च

कोम्बे आजोबांच्या दारात जाऊन बसले. त्यांनी आवाजावरून ओळखलं. "आकाशवाली आली. शेळी सापडली का?"

मी म्हटलं, "नऊ जागा सापडल्या. रिकाम्या."

ते समोर ठेवलेलं लाकूड हाताने चाचपत होते. मग म्हणाले, "रिकाम्या म्हणजे पडलेत?"

"नाही. खांबच नाहीत. काढून नेलेत."

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत एकानेही नाही. आंधळ्याच्या घरात दिवा विझला तरी कशाला सांगायचं, असंच ना?"

मी विचारलं, खांब काढला तर काय होतं? नोंदीसाठी विचारलं.

"काय व्हायचंय? खांबाला आम्ही कापड गुंडाळतो, माडी पाजतो. खांब गेला की तो माणूस उघडा पडतो. मग घरच्यांच्या झोपेत येतो. शिव्या देत नाही, शाप देत नाही. नुसतं म्हणतो, थंडी वाजते. ज्याने काढला त्याला तर उन्हातसुद्धा सोडत नाही."

मी सगळं टिपून घेतलं. निघताना विचारलं, तो बाजूचा कुणाचा?

"तो होय! चेंगो. जन्मभर सगळ्यांशी भांडला. मरताना म्हणतो, मला रांगेत उभं करू नका, शेजारी बोलत बसतील." हसता हसता त्यांना खोकला आला. "तुझाच आजा की. तुला माहीत नाही?"

माझ्या आजोबांचं नाव चेंगो होतं हे मला माहीत आहे. त्यांचा खांब नदीपलीकडे आहे. कोम्बे आजोबांची माणसांची गल्लत होत असेल. उद्या बाबांसाठी मालिंदीहून दुसरं औषध आणायला हवं, कालपासून ते दोन पांघरुणं घेतात.

६ मार्च

औषध आणायला गेले नाही. दिवसभर परसात बसून राहिले.

संध्याकाळी नेकेसा मॅडमना फोन केला. ठिपके सांगितले, कोम्बे आजोबा सांगितले. घरचं सांगितलं नाही.

"मंगळवारी समिती बसते आहे," त्या म्हणाल्या. "कलम चौदामध्ये 'होय' आलं की मुरिमानी बाद. मग राहते उत्तरेची जागा, आणि ती पसंत पडली नाही, तर केंद्र शेजारच्या देशात. ते तयारच बसलेत, कैरोला, आफ्रिकेच्या अवकाश संस्थेत, त्यांची माणसं आधीच पोचलीत. दहा वर्षं मी या तबकडीमागे आहे, जुम्वा."

"मग 'आर्द्रता' म्हणू का?"

"ते मला विचारू नकोस. मी 'म्हण' म्हणाले, तर तू मला जन्मभर माफ करणार नाहीस. 'म्हणू नको' म्हणाले, तर मी स्वतःला करणार नाही." मग नेहमीच्या आवाजात, "आणि रडायचं असेल तर फोन ठेवून रड, इथे रेंज महाग आहे."

७ मार्च

दुपारी बाबा माडावरून उतरले तेव्हा मी खाली उभी होते.

"बाबा, टेकडीवर खांब होते?"

"होते."

"किती?"

"तू वरून मोजलेस ना?" त्यांनी भोपळ्यातली माडी नीट खाली ठेवली. "चल. तुझं यंत्र घे."

आम्ही चढलो. ते अनवाणी, अंगात कोट. मी ड्रोन उडवला आणि पडदा हातात धरला. त्यांना मी काहीही दाखवलं नाही. ते काटे बाजूला करत गेले आणि एका जागी उभे राहिले. बरोबर पहिल्या ठिपक्यावर. "हा न्गोवा," म्हणाले. दोन पावलं. "हा कारिसा, त्याचा मुलगा." दोन पावलं. जमीन त्यांच्या अंगापेक्षा तापलेली होती, म्हणून पडद्यावर बाबाही काळेच दिसत होते. थंड. चालणारा दहावा ठिपका. एकदाही चुकले नाहीत. आठव्यानंतर वळले, बाजूला गेले आणि तिथे खाली बसले.

"हा माझा बाप."

मी ड्रोन उतरवला. पंख्यांचा आवाज थांबला तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता.

"तुला शाळेचं पत्र आलं होतं. ते उशाशी घेऊन झोपायचीस. मालिंदीच्या दुकानवाल्याला एक खांब हवा होता, परदेशात कुणाच्या तरी दिवाणखान्यात ठेवायला. मी म्हटलं, एकच. सगळ्यांत जुना. त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. पुढच्या सत्राला पुन्हा फी आली."

"आणि त्या बाई?"

"बाई कुठली. तू विचारलंस, कुणी पैसे दिले? मी काय सांगणार होतो?"

"मग माझी पत्रं?"

"खांब उपटला की खड्डा उघडा राहतो. तो तसा ठेवून घरी यायला पाय उचलत नाही. मला वाचता येत नाही, पण पत्र कुणाला आहे हे मला कळत होतं. त्या-त्या सत्राचं पत्र त्या-त्या खड्ड्यात ठेवलं आणि माती लोटली. बापाला शेवटपर्यंत ठेवला होता. तुझ्या शेवटच्या परीक्षेची वेगळी फी आली, मग..."

त्यांनी समोरची माती तळव्याने सारखी केली. मी त्यांच्या शेजारी बसले नाही. आता लिहिताना वाटतं, बसायला हवं होतं. मी उभीच राहिले, कारण पाय कुठे ठेवावा ते समजेना.

काय लिहायचे मी त्या पत्रांत? 'आपले उपकार मी कधीही विसरणार नाही. आपण सुखरूप असाल अशी आशा करते. आपली भेट व्हावी ही इच्छा.'

८ मार्च

झोप नाही. 'आर्द्रता' हा शब्द खोटा नाही. तिथे खरंच ओल आहे. तबकडी झाली तर किती गुरं वाचतील, माणसं वाचतील. बाबांना कुणी बोट दाखवणार नाही. उपटलेल्या खांबांसाठी उपटलेलं केंद्र, याने कुणाचं भलं होणार? हे सगळं मी कागदावर दोन बाजूंना लिहून पाहिलं. एक बाजू भरून वाहते आहे. दुसऱ्या बाजूला नुसतं एवढंच आहे: पाया खणताना माझी पत्रं वर येतील. आणि ज्यांना ती लिहिली, त्यांच्यावर काँक्रीट पडेल.

९ मार्च

सकाळी दुरुस्तीचा अर्ज भरला. बाबा समोर बसले होते. मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली.

कलम चौदा: 'होय. नऊ.' सोबत उष्णतेची चित्रं. नावं: बाबांनी सांगितली तशी नऊही.

'स्मारकं कुणी हलवली?' इथे माझं पेन थांबलं. बाबा म्हणाले, "लिही. आणि खाली अंगठा घे माझा. तू लिहिलंस तर ती चहाडी होईल. मी दिला तर कबुली होईल."

अंगठा घेतला. शाई पुसायला त्यांनी माझी ओढणी घेतली नाही, गवतालाच पुसली.

मग शेवटचं कलम, हितसंबंध. 'नाही' खोडलं आणि लिहिलं: 'होय. माझं शिक्षण या नऊ जणांच्या खर्चाने झालं.' पाठवून दिलं.

१४ मार्च

मुरिमानी बाद झाली. मॅडमचा फोन: "तुझं शेवटचं कलम समितीत वाचलं गेलं. मग अध्यक्षांनी चहा मागवला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला तुझा राग आला आहे. तो जाईल. उत्तरेच्या जागेवर तूच जायचं आहेस. सही मात्र माझी असेल."

चीफसाहेब गेले चार दिवस आमच्या दारावरून जातात ते तोंड फिरवून. त्यांचा रस्ता गेला.

वडीलधाऱ्यांनी बाबांना बसवलं होतं. दंड म्हणून एक शेळी, माडी, आणि सगळ्यांसमोर नऊ नावं उच्चारायची. बाबांनी उच्चारली. शेवटच्या नावाला आवाज फुटेना, तेव्हा कोम्बे आजोबा ओरडले, "मोठ्याने! तो बहिरा होता!" हसावं की काय, कुणाला समजलं नाही. मी विचारलं, आजोबा, नवीन नऊ कोरता येतील का? म्हणाले, कोरता येतील, पण तोवर कुणाच्या तरी दिवाणखान्यात ते नऊ जण उभेच आहेत ना? एक माणूस दोन ठिकाणी कसा झोपेल?

बाबा अजून कोट घालतात. मी आता औषधाचं विचारत नाही.

२३ मार्च

उत्तरेची जागा. सपाट, पांढरी माती, दूरवर बाभळी. क्षितिज मुरिमानीपेक्षाही मोकळं. आकाशाच्या दृष्टीने उत्तमच. जमिनीवर काहीही नाही, दगडसुद्धा नाही. सोबतचा वाहनचालक म्हणाला, "इथे तर पाच मिनिटांत 'नाही' लिहून निघू, ताई."

एक बाई पाण्याचा पिवळा डबा डोक्यावर घेऊन चालली होती. माझ्या आईच्या वयाची. मी तिला थांबवलं, नमस्कार झाला, कुणाची कोण ते झालं. मग मी अर्ज बंद केला. त्यातला प्रश्न, इथे काय आहे, असा आहे.

मी विचारलं, "मावशी, इथे काय काय होतं?"

तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही."

तिने डबा खाली ठेवला. मोकळ्या पांढऱ्या जमिनीकडे वळून डोळे बारीक केले, जणू तिथे कुणी उन्हात उभं आहे आणि चेहरे नीट दिसत नाहीत. मग बोटं दुमडत मोजू लागली. एका हाताची बोटं संपली. दुसऱ्या हाताची संपली. ती थांबली नाही, पुन्हा पहिल्या हातावर आली.